दुखण्याला नाव

रेखाचा फोन आला तेव्हा मी शहाद्याला जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात एका गायीला सलाईन लावत होतो. “माय गयी, सायेब,” एवढंच ती बोलली. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर देठं खुडता खुडता तिच्या आईच्या, विमलबाईंच्या, छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन खिशात ठेवला, सलाईनचा थेंब सारखा केला. गायीचा मालक दुधाबद्दल काहीतरी विचारत होता, त्याला उत्तरही दिलं... या गोष्टीला आता दीड महिना होत आला, पण तेव्हा काय उत्तर दिलं ते मला आजही आठवत नाही.

ब्राह्मणपुरीच्या विमलबाई लग्नात नवरदेवाची घोडी घेऊन जायच्या. हे काम त्यांच्या नवऱ्याचं. तो ऐन लग्नसराईच्या तोंडावर गेला. लोकांना शब्द दिलेले होते आणि हंसा ही पांढरी घोडी तिसऱ्या कुणाच्या हाताला पाऊल उचलत नसे, म्हणून बाईंनीच लगाम धरला. विधवा बाई वरातीपुढे... लोकांनी नाकं मुरडली, पण वाजंत्री ऐकून न बुजणारी दुसरी घोडी जवळपास नव्हती. बायका नवरदेवाला ओवाळायला आल्या की आपण न सांगता घोडीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभ्या राहतो, हे त्यांनी मला हसत सांगितलं होतं. मला मात्र हसू आलं नव्हतं.

मग हंसा लंगडू लागली. पुढचा उजवा पाय. चार-पाच दिवस लंगडायची, मग आपोआप बरी व्हायची आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा तेच. बाई तिला गावाहून शहाद्यापर्यंत चालवत आणायच्या आणि दवाखान्याच्या फाटकात येईस्तोवर घोडी व्यवस्थित चालत असायची. मी खूर चिमट्याने दाबून पाहिला, नाल काढून पाहिला, शिरा चाचपल्या, एक्स-रे काढवला. काही नाही. दोन-तीन खेपांनंतर मला वाटू लागलं की बाईंच्या मनाचाच हा खेळ असावा. बोललो नाही, पण तोंडावर दिसलं असणार. पुढच्या वेळी घोडी लंगडायला लागताच त्यांनी फोन करून मलाच घरी बोलावलं, हंसाला डांबरी रस्त्यावर काढलं आणि म्हणाल्या, “डोया मिटा आन् आयका.” मी डोळे मिटले. तीन टापा सारख्या पडत होत्या, चौथी हलकी, घाईने उचललेली. एवढी वर्षं जनावरं तपासत आलो, पण लंगडणं कानांनी ऐकायचं त्या बाईने शिकवलं. खोटं बोलत नाही हे त्यांनी सिद्ध केलं, पण कारण मला त्या दिवशीही सापडलं नाही.

पुढे एका वरातीत, नवरदेव पाठीवर असतानाच, हंसाचा पाय आखडला. नवरदेवाच्या आत्याने भररस्त्यात घोडी थांबवली, नवरदेव उतरला आणि उरलेलं अंतर पायी गेला. त्यानंतर गावात एक वाक्य फिरू लागलं: घोडी पांढरी अन् बाई पांढऱ्या पायाची. जनावराचं दुखणं बाईच्या पायगुणाला चिकटलं.

बाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आल्या. घोडी आणली नव्हती. बाकड्यावर न बसता टेबलाशी उभ्या राहिल्या. “सायेब, दुखनाले काहीतरी नाव लिखी द्या,” त्या म्हणाल्या. “त्याले नाव भेटनं म्हंजे लोके मन्हं नाव लेवानं सोडतीन.”

मी त्यांना समजावलं. जे मला दिसलं नाही ते मी लिहू शकत नाही, म्हणालो. मग कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: तपासणीत लंगडण्याचे कारण आढळले नाही. खाली सही केली, शिक्का मारला. बाईंनी कागद घेतला, वाचता येत नसतानाही बराच वेळ पाहिला आणि चार घड्या करून कनवटीला लावला. मला त्या वेळी आपल्या प्रामाणिकपणाचं बरं वाटलं होतं, हे लिहून टाकतो.

नंतर कळलं, वराती बंद झाल्या. बाई सकाळच्या जीपने मिरचीच्या कामाला जाऊ लागल्या आणि त्या मजुरीवर घोडी पोसू लागल्या. विका तिला, असं मीही एकदा सुचवलं. लंगडी म्हणून जो घेईल तो तिला कशासाठी घेईल, असं त्यांनी विचारलं.

दिवसकार्य उरकल्यावर मी ब्राह्मणपुरीला गेलो. रेखा सासरहून येऊन राहिली होती. चहा देताना तिने त्या कागदाचं सांगितलं. आईने तो आणला त्या दिवशी शेजारच्या पोराकडून वाचून घेतला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की मोठ्या डॉक्टरनेसुद्धा लिहून दिलंय, घोडीत काही दोष नाही. मग दोष कुणात, हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही... रेखाच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी आजवर किती बैलांच्या केसपेपरवर नुसत्या अंदाजाने ‘सांध्याची सूज’ लिहिलं असेल, त्याची गणती नाही. तेवढे दोन शब्द मी या बाईसाठी लिहिले नाहीत.

घोडी तपासायची म्हणून आम्ही घरामागे गेलो. तिथे मोकळ्या जागेत जमिनीवर एकात एक अशा दोन गोल वाटा पडलेल्या होत्या. बाहेरची टापांनी उकरलेली आणि हातभर आत दुसरी, अनवाणी पावलांनी घट्ट झालेली. जीप यायच्या आधी माय रोज हंसाला इथे फिरवायची, रेखा म्हणाली, दोन फेऱ्या डावीकडून, दोन उजवीकडून, पाय कसा पडतो ते ऐकत.

रेखाने दावं सोडलं. हंसा कुणी न हाकता बाहेरच्या वाटेवर गेली आणि चालू लागली. मी डोळे मिटून ऐकलं. चारही टापा सारख्या पडत होत्या. डोळे उघडले तेव्हा दोन फेऱ्या झाल्या होत्या. घोडी थांबली, आतल्या रिकाम्या वाटेकडे मान वळवून क्षणभर उभी राहिली आणि मग स्वतःच फिरून उलट्या बाजूने चालू लागली.