पाणी उडतं, मीठ राहतं

माझ्या दाजींबद्दल मी आजवर कधी चांगला शब्द काढलेला नाही. सुपडू दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, उषाआक्काचा नवरा. राहायला सुरतेत, डिंडोली भागात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. मी चिंधा, तिचा धाकटा भाऊ. चलथाणला माझं पंक्चरचं दुकान आहे आणि महिन्यातून दोनदा मी आक्काला भेटायला जातो. गेलो की आधी दिसायची ती काचेची टाकी. बहीण नंतर दिसायची, कारण ती बहुतेक वेळा त्या टाकीसाठीच पाणी वाहत असायची.

दाजी बावीस वर्षं साड्यांच्या रंगाटी मिलमध्ये होते. रंगाच्या पाण्यात मीठ किती झालं हे काचेची नळी तरंगवून बघायचं, हे त्यांचं काम. नखं कायमची निळी झाली होती. खोकला लागला तसं मिलनं त्यांना घरी बसवलं, मग ते पर्वत पाटिया भागात एका कापड मार्केटच्या गेटवर खुर्ची टाकून बसू लागले. तिथल्या एका व्यापाऱ्यानं घर बदललं तेव्हा दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी त्याला जड झाली. "काका, लई जाओ," म्हणाला आणि दाजींच्या गळ्यात मारली. टाकीत दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे, आणि खडकाला चिकटलेलं एक समुद्रफूल. म्हणायला फूल, पण तो जीवच. शंभरभर बोटं हलवत बसायचा. मासे त्याच्या कुशीत झोपायचे.

त्या तीन जिवांना दाजींनी सात वर्षं जगवलं. जाणकार लोक म्हणतात, समुद्रफूल घरात सहा महिने टिकलं तरी नशीब. दाजींकडे ना महागडी यंत्रं, ना पुस्तकी ज्ञान. मिलमधून आणलेली एक काचेची नळी, एक निळा प्लॅस्टिकचा पिंप आणि माझी बहीण, एवढ्यावर त्यांनी तो समुद्र चालवला.

दाजींची शिस्त मला तोंडपाठ आहे. प्रेमानं नाही, ऐकून ऐकून कान किटले म्हणून. डुमसहून समुद्राचं पाणी आणायचं नाही, ते गढूळ आणि घाण. फिल्टरचं पाणी पिंपात घ्यायचं, त्यात माशांचं पुडीतलं मीठ घालायचं, जेवणाचं नाही, आणि मोटर लावून दिवसभर घुसळू द्यायचं. मग नळी सोडून बघायची. मीठ थेट टाकीत कधी ओतायचं नाही, जीव भाजतो. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढायचं आणि तेवढंच नवं घालायचं, सगळं एकदम बदललं तर मासे दगावतात. आणि काचेवर लाल टेपची पट्टी लावलेली. पाणी पट्टीच्या खाली गेलं की भर घालायची, पण गोड्या पाण्याची. इथंच नवशिके चुकतात म्हणे.

"पानी उडी जास, मीठ उडत नही," दाजी सांगायचे. "मीठ तठेच ऱ्हास. वरतून खारं टाकं की मरनात."

हे सगळं दाजी गेटवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या ठरवायचे आणि घरी आक्का करायची. फिल्टरचं पाणी खालच्या दुकानातून तीन मजले चढवून कोण आणायचं? आक्का. लाइट गेली की टाकीतली हवा संपू नये म्हणून प्लॅस्टिकचा मग भरभरून उंचावरून पाणी सोडत कोण उभं राहायचं? आक्का. एप्रिल-मे महिन्यात सुरतेची भट्टी पेटली की घरातला एकुलता एक टेबलफॅन टाकीच्या पाण्यावर लावलेला असायचा. "दोन डिगरी उतरस," म्हणून दाजी खूश. आक्का आत भाकरी थापताना घामानं न्हाऊन निघालेली. घरात अगरबत्ती बंद, डासांचा फवारा बंद, आक्काचा देव्हारा गॅलरीत. टाकीत हात घालायचा तर आधी साबणाशिवाय धुवायचा आणि बांगड्या, अंगठी, जोडवीसुद्धा काढून ठेवायची.

"जोडव्यांचा काय संबंध?" मी एकदा विचारलं होतं.

"धातू नको," दाजी म्हणाले. "तांबं ते बिलकूल नको. माशासले चालस एखादवेळ, फूलले तांबं म्हनजे जहर."

मी खिडकीबाहेर बघत होतो. दाजी बोलू लागले की मी खिडकीबाहेरच बघायचो. सौभाग्याची जोडवी माशांपायी काढायला लावणाऱ्या माणसाचं काय ऐकायचं, असं माझं मत होतं, आणि ते मी आक्काला बोलूनही दाखवलं होतं. ती हसून म्हणाली होती, "पायाची जोडवी काढत नाही रे मी. त्यांना काय दिसतंय!"

गेल्या भाद्रपदात दाजींना डेंग्यू झाला. साधासुधा नाही, रक्तातल्या पेशी उतरल्या, दवाखान्यात आठ दिवस. मी दुकान बंद करून डिंडोलीला राहायला गेलो. हाताला सलाइन, डोळे खोल गेलेले, आणि आक्का डबा घेऊन गेली की दाजींचा पहिला प्रश्न, "फूल उमललं का?" तिनं दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता, ते विचारलं नाही. ती मात्र रोज दुपारी बस पकडून घरी यायची, लाल पट्टीपर्यंत पाणी घालायची, चिमूटभर खाणं टाकायची, चिमटीपेक्षा जास्त नाही, आणि परत जायची.

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. आक्का दवाखान्यात, मी घरी एकटा. टाकीतला दिवा चालू होता. फूल बोटं हलवत होतं आणि मासे त्यात शिरत होते. माझं मन फार घाबरलं होतं. दाजींसाठी नाही म्हणणार मी, आक्काच्या कुंकवासाठी.

आमचं गाव शहाद्याकडचं. लहानपणी एसटी प्रकाशा गावच्या पुलावर आली की अख्खी गाडी खिडक्यांकडे सरकायची, बायाबापड्या तापीमाईला हात जोडायच्या आणि पाण्यात पैसा टाकायच्या. तीच तापी इथं सुरतेत येऊन समुद्राला मिळते. माझ्या पाकिटात आईनं दिलेला भोकाचा पैसा होता. जुना, तांब्याचा, कानबाई देवीच्या पूजेतला. आईनं जाण्याआधी आम्हा दोघांना एकेक दिला होता, लाल दोरा ओवून. मी दोरा काढला, हात जोडले, समुद्राच्या नावानं म्हणालो, माझ्या बहिणीचा नवरा राखा, आणि पैसा टाकीत सोडला. तो खडकामागं वाळूत जाऊन बसला. इतकी वर्षं हा माणूस मला तांब्याचं सांगत होता आणि त्या क्षणी मला त्यातलं अक्षर आठवलं नाही. मी कधी ऐकलंच नव्हतं.

दाजी वाचले. नवव्या दिवशी घरी आले, भिंतीला धरधरून जिना चढले आणि चपला न काढता टाकीपुढं उभे राहिले. फूल आक्रसून मुठीएवढं झालं होतं. दाजींनी नळी सोडली, मीठ बरोबर. गरमी बघितली, बरोबर. पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी फूल विरघळून खडकावरून सुटलं, आणि त्याच्या सडण्यानं पाणी असं बिघडलं की संध्याकाळपर्यंत दोन्ही मासे उलटे. मी तोवर चलथाणला परतलो होतो, हे मला फोनवर कळलं. मी म्हणालो, बरं झालं, सुटलीस.

पण ती सुटली नव्हती. दाजींनी तिला एकच विचारलं होतं, "काय टाकं तू?" ती म्हणाली, काही नाही. साबण? नाही. हळदकुंकू? नाही. बांगड्या काढल्या होत्या? हो. दाजींनी विश्वास ठेवला नाही. आठ दिवस घरात टाकीला हात लावणारी ती एकटी, मी तर टाकीकडं फिरकतही नाही हे त्यांना ठाऊक. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. भाकरी हवी असली तर ताट वाजवायचे. सत्तावीस वर्षांचा संसार, आणि मुकं घर. रिकामी टाकी तिनंच धुतली, दाजी तिकडं बघायलाही तयार नव्हते.

दसऱ्याला गेलो तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि माझा तोल गेला. मी दाजींना नाही नाही ते बोललो. म्हणालो, दोन माशांपायी बाईला वाळीत टाकता? सात वर्षं तिनं तुमचा समुद्र डोक्यावर वाहिला, तुम्हाला सलाइन लागलेलं असताना ती तुमच्यासाठी बसचे धक्के खात होती, लाज वाटू द्या!

दाजी शांतपणे म्हणाले, "तुन्ही बहीनले इचार. काय टाकं ते सांगू दे. मी बोलसू."

मी आक्काकडं वळलो. "सांग ना यांना, की तू काही टाकलं नाहीस!"

आक्का खाली बघत पदराचं टोक पिळत राहिली. घाबरली बिचारी, असं मला वाटलं. मी आणखी चार शब्द दाजींना सुनावले आणि छाती काढून जिना उतरलो. बहिणीची बाजू घेतली याचा मला अभिमान वाटत होता.

मग भाऊबीज. दाजी बाहेरच्या खोलीत, टाकी होती त्या मोकळ्या कोपऱ्याकडं पाठ करून बसलेले. आत आक्कानं पाट मांडला, मला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. अंगठीनं ओवाळलं. मग सुपारी घ्यायच्या जागी तिनं ताटातून दुसरंच काहीतरी उचललं, माझ्या तोंडाभोवती फिरवलं आणि माझ्या हातावर ठेवलं. भोकाचा पैसा. हिरवा पडलेला, कडांना पांढरी पूड धरलेली.

"मन्हा देवघरमा शे," ती अगदी हळू म्हणाली. "हाऊ तुन्हा शे. जपी ठेव."

तिचा पैसा देव्हाऱ्यात होता, म्हणजे हा माझाच, मी टाकलेला. मला सगळं एकदम कळलं. तांबं, फूल, खिडकीबाहेर बघणारा मी. टाकी धुताना तिला तो वाळूत सापडला होता, म्हणजे दसऱ्याच्या कितीतरी आधी. मी दाजींवर ओरडत होतो तेव्हा तिला ठाऊक होतं. बोलली असती तर तिचं घर बोलतं झालं असतं. पण मग या घराचं दार मला बंद झालं असतं, आणि आई गेल्यापासून तिला माहेर म्हणून मी एकटाच उरलोय.

"आक्का, मी सांगतो त्यांना," मी उठायला लागलो.

तिनं माझा गुडघा दाबून मला खाली बसवलं आणि मान हलवली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता हुकूम होता. मी सांगायला हवं होतं. दार दोन पावलांवर होतं. मी पाटावर बसून राहिलो, कारण तिनं बसवलं म्हणून, आणि खरं सांगायचं तर मला त्या माणसाची भीती वाटली म्हणूनही. ज्याची मी दसऱ्याला लाज काढली, त्याच्या तोंडाकडं आता बघायचं कसं? मी ओवाळणी टाकली, पैसा मुठीत धरला.

बाहेरून दाजींचा आवाज आला. "चिंधा, तुन्ही बहीनले सांग, चहा ठेव म्हना."

आक्का माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिनं ते ऐकलं होतं, तरी ती माझ्याकडं बघत थांबली, कारण त्या घरात आता तशीच रीत पडली होती.

मी म्हणालो, "आक्का, दाजीसाठे चहा ठेव."

ती उठली आणि तिनं चहा ठेवला.