दोन शनिवारांची भाऊबीज

माझे दोन्ही भाऊ अमेरिकेत आणि मी मधली, कॅनडात. व्हिटबीच्या आमच्या घरापासून थोडं चालत गेलं की ऑन्टारिओ सरोवर लागतं आणि पाण्याच्या पलीकडे त्यांचा देश. आईबाबा गेले, नागपूरचं घर विकलं गेलं आणि माहेर म्हणावं असं काही उरलं नाही. मग मी सरळ उलटं करून टाकलं. म्हटलं, भावांनीच बहिणीकडे माहेरपणाला यायचं. भाऊबीजेच्या जवळच्या शनिवारी दोघे आपापल्या गावाहून दिवसभर गाडी हाकत, सीमा ओलांडून यायचे आणि माझ्या डायनिंग टेबलाशेजारी मांडलेल्या दोन पाटांवर मांडी घालून बसायचे. दोघांचेही गुडघे कुरकुरायचे, पण खुर्चीवर ओवाळून घ्यायला एकही तयार नसे.

दादा ओहायोतल्या एका नदीकाठच्या गावात राहतो. पोलादी नळ्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेला, कारखाना बंद पडला, बरोबरचे लोक टेक्सासला नाहीतर कॅलिफोर्नियाला गेले, हा तिथेच राहिला. ज्या गावाने पडत्या काळात घास दिला ते गाव त्याच्या पडत्या काळात सोडायचं नाही, असं त्याचं म्हणणं. धाकटा बॉस्टनजवळ असतो आणि पुलांची डिझाइनं करतो. म्हणजे एका भावाच्या गावाला मोडका पूल आणि दुसऱ्या भावाला पूल बांधायची विद्या. देवाने जोडी मात्र बरी जमवली होती.

त्या वर्षांत जेवण झालं की टेबलावर दादाच्या गावचा पूल यायचा. दादा फोनवरचे फोटो दाखवायचा, धाकटा ग्रोसरीच्या जाहिरातीच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारत बसायचा. कुठला गर्डर गंजला, कुठला खांब अजून तीस वर्षं टिकेल, ट्रक कुठल्या बाजूने न्यायचे. एका उन्हाळ्यात तर धाकटा मुद्दाम तिकडे गेला आणि दोघेही गमबूट घालून नदीत उतरले. ती चित्रं घेऊन दादा टाउन हॉलच्या सभेला उभा राहिला होता. दोन्ही पक्षांची माणसं एकाच टेबलावर ओणवी होऊन, डोनट खात ते कागद बघत होती, असं तो रंगवून रंगवून सांगायचा. मी चहा ओतता ओतता म्हणायची, ‘आता पुरे करा तुमचा तो पूल, माझ्या चिवड्याबद्दल बोला काहीतरी.’ आज वाटतं, कोणी मला ती संध्याकाळ परत देणार असेल तर चिवड्याचं नावही काढणार नाही.

मग अमेरिकेची दोन हजार सोळाची ती निवडणूक आली. भाऊबीजेचा शनिवार नेमका तिच्या तोंडावर. दादा आला तो एका उमेदवाराच्या प्रचाराची लाल टोपी घालून. ती त्याने दारातल्या हुकाला अडकवली आणि धाकट्याची नजर पहिल्यांदा तिथेच गेली. ओवाळणं नीट पार पडलं. श्रीखंडही संपलं. पूल निघाला आणि दादा म्हणाला, ‘आता हा माणूस येऊन राहिला ना, बघ, रस्ते, पूल सगळं नवं करतो की नाही.’

‘दादा, तू इंजिनिअर आहेस रे. तुला हे खरं वाटतं?’

‘मग तुमच्या लोकांनी काय केलं इतकी वर्षं? आमचं गाव तुम्ही विमानाच्या खिडकीतून बघता. खाली कोणी उतरतं का?’

‘मी उतरलो होतो. तुझ्यासोबत. नदीत.’

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण थांबतील तर भाऊ कसले! आवाज चढत गेले, बाबांचं कोणी किती केलं इथपर्यंत गाडी गेली आणि धाकटा दोन दिवस राहायचं ठरवून आलेला, त्याच रात्री परत निघाला. मला कळेना की भांडतात कशावर. दोघांनाही तोच पूल हवा होता.

पुढच्या वर्षी माझ्या घरी दोन शनिवारांची भाऊबीज झाली. एका शनिवारी दादा, पुढच्या शनिवारी धाकटा. एकच पाट, एकच निरांजन, तेच श्रीखंड दोनदा केलेलं. दादा घास घेता घेता सहज विचारल्यासारखं विचारायचा, ‘त्याची पाठ कशी आहे गं?’ आणि पुढच्या आठवड्यात धाकटा, ‘ताई, दादा बीपीची गोळी वेळेवर घेतो का?’ मी पोस्टमन. सगळी पत्रं पोचती करायची आणि कोणाच्याही सहीची वाट बघायची नाही. बाकी वर्षभर दोघेही मला व्हिडिओ पाठवायचे, आपली बाजू कशी खरी आहे याचे. मी एकही बघितला नाही. आम्ही कॅनडात त्यांच्या निवडणुका आमच्यापेक्षा जास्त बघतो, ते शेजारच्या घरातलं भांडण भिंतीतून ऐकू यावं तसं. ऐकू येतं म्हणून काही सोडवता येत नाही. पण माझं घर तर त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना होतं.

अठराच्या उन्हाळ्यात मी दादाकडे चार दिवस गेले. त्याने मला पूल दाखवायला नेलं. पूल बंद केलेला, रस्त्यावर सिमेंटचे आडवे ठोकळे टाकलेले, त्यांच्या फटीतून गवत उगवलेलं. पलीकडची शाळा समोर दिसते, तिथली मुलं दिसतात आणि तिथे जायचं तर मोठा वळसा. मी म्हटलं, ‘तुझा तो माणूस करणार होता ना?’ दादा ठोकळ्यावर बसला. म्हणाला, राज्याकडून पैसे मिळत होते. पण ते मिळवून आणले दुसऱ्या पक्षाच्या बाईने, म्हणून आमच्या लोकांनी ठराव अडवला. त्याच्या आधी आमच्यातल्या एकाने आणलेली योजना त्यांनी अडवली होती. श्रेय कोणाला मिळायचं, यावर सभा संपतात. डोनट आता कोणी आणत नाही.

‘दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात,’ मी म्हटलं, ‘इथे तिसऱ्याला वळसाच.’

तो हसला नाही. फटीतलं गवत उपटत म्हणाला, ‘धाकट्याने काढलेला तो कागद मी ठेवला आहे.’ मी म्हटलं, मग फोन कर त्याला. तर म्हणे, ‘मी काहून करू? तो उठून गेला होता.’ बॉस्टनवाल्याला विचारलं तर तो म्हणणार, टोपी कोणी आणली होती. अख्ख्या देशाचं जे चाललं होतं ते माझ्या दोन भावांत मला अगदी जवळून, नको इतकं जवळून दिसत होतं. एवढा मोठा देश, चंद्रावर माणूस पाठवलेला, आणि आधी कोण बोलणार यासाठी खोळंबलेला.

परत येताना मी गाडीत बसून खूप रडले आणि मग मला राग आला. माझा राग नागपुरी आहे, तो उतरत नाही लवकर. घरी पोचल्यावर दोघांनाही वेगवेगळे फोन केले आणि एकच वाक्य सांगितलं: या वर्षी एकत्र याल तर ओवाळीन, नाहीतर नाही. नवरा म्हणाला, ‘अगं, दोघेही यायचे बंद होतील.’ मला ते कळत नव्हतं असं नाही. पण अर्धी अर्धी भाऊबीज माझ्याच्याने होत नव्हती.

दोघेही आले नाहीत. दादाने कळवलं, तो येत असेल तर येतो. धाकट्याने कळवलं, आधी दादाला विचार. त्यात त्याच आठवड्यात त्यांची मधली, संसदेची निवडणूक झाली होती आणि अर्धं ह्यांना, अर्धं त्यांना असा निकाल लागला होता, त्यामुळे दोघेही सारखेच चिडलेले. त्या वर्षी भाऊबीज शुक्रवारी होती. शनिवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता. ऑफिसमधून आले, अंघोळ केली, ताट तयार केलं. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, निरांजन. सवयीने हात चालत होते. मग ताट हातात घेऊन उभी राहिले तर समोर कोणी नाही.

आमच्याकडे ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. माझ्या एका मावशीला भाऊ नव्हता. ती गच्चीवर जाऊन ओवाळायची आणि खाली आली की कोणाशी फार बोलायची नाही. मी शाल गुंडाळून मागच्या लाकडी डेकवर गेले. बीजेची कोर सरोवराच्या बाजूला, घरांच्या छपरांवर अगदी खाली आली होती, थोड्याच वेळात मावळली असती. लेक मागोमाग आली. ती हायस्कूलमध्ये, मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजी.

‘आई, व्हॉट आर यू डूइंग? इट्स फ्रीझिंग.’

मी सांगितलं, भाऊ नसले की चंद्राला ओवाळतात.

‘बट यू हॅव टू ब्रदर्स,’ ती म्हणाली.

वाऱ्याने वात विझायच्या आत मी ताट वर केलं आणि तीनदा ओवाळलं. आयुष्य मागायचं असतं भावाला. चंद्राला काय आयुष्य मागणार? तेही दोघांसाठीच मागितलं.

आत आले आणि दादाला फोन लावला. तो म्हणाला, ‘झाली का भाऊबीज?’

‘झाली,’ मी म्हटलं. ‘चंद्राला ओवाळून आले.’

पलीकडे टीव्ही चालू होता, बातम्यांचा. तो बंद झाल्याचं ऐकू आलं. आई गेली तेव्हाही मी त्याचा आवाज असा ऐकला नव्हता.

‘आम्ही मेलो का गं तुझ्यासाठी?’

‘माझ्यासाठी नाही,’ मी म्हटलं. ‘एकमेकांसाठी.’

मला वाटलं, आता फोन ठेवेल आणि मग वर्षानुवर्षं उचलणार नाही. मी खुर्ची ओढून बसले.

‘त्याचा नंबर तोच आहे ना अजून?’ दादाने विचारलं.

‘तोच आहे,’ मी म्हटलं. ‘लाव.’