बैल पहिल्या शिफ्टला, ट्रॅक्टर दुसऱ्या शिफ्टला

कंपनीत दोन गोष्टी आपोआप साचतात, स्क्रॅप आणि किस्से. स्क्रॅप उचलायला निदान टेम्पो तरी येतो. किस्से तसेच पडून राहतात, आणि चहाला चार माणसं जमली की कुणीतरी ढिगातला एक उपसून काढतो. आमच्या भोसरीच्या कंपनीत सध्या जो ढीग आहे तो सगळा एका ऑनलाइन कोर्सचा. लोक ऐकून हसतात. माझं मात्र डोकं अजून तापतं, राव, ते आधीच सांगून ठेवतो.

आम्ही पेरणी यंत्रं बनवतो, ट्रॅक्टरच्या मागं जोडायची. मी क्वालिटीत आहे. मालकांनी ठरवलं की भोसरीची जुनी लाइन बंद करायची आणि चाकणला नवीन टाकायची. तिकडं कोण जाणार? तर ज्याच्याकडं 'कृषी तंत्रज्ञान: उत्क्रांती आणि व्यवसाय' या कोर्सचं सर्टिफिकेट असेल तो. बाकीच्यांनी आपापलं बघावं.

यात सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागला सुलभाताईचा. जुन्या लाइनवर असेंब्लीला तिची अर्धी हयात गेली. नवऱ्याची कंपनी आधीच बंद पडलेली, मुलगी डिप्लोमाला. चाकण हुकलं तर घर बसलंच म्हणायचं. "बोल्ट आवळायला बैलाचा इतिहास कशाला लागतो रे?" तिनं मला विचारलं. तुमच्याकडं उत्तर असलं तर कळवा.

*

पहिलाच व्हिडिओ, आम्हा सगळ्यांना एकत्र बसवून दाखवलेला. इस्त्रीचा कुर्ता घातलेले एक सर शेतात उभे. पायात पांढरे बूट, त्याला मातीचा कण नाही. सर म्हणाले, "मित्रांनो, हे बघा आधुनिक फवारणी यंत्र." आणि पडद्यावर आमचं पेरणी यंत्र. आमचाच रंग, आमचाच स्टिकर.

सुलभाताई खुर्चीतून उठलीच. "अगं बाई, हे आपलंच लेकरू की. ह्याला फवारायला कधी लावलं?"

पुढं चाचणीत तोच फोटो आला. मी इमानदारीत 'पेरणी यंत्र' दाबलं. लाल फुली! मी कोर्सवाल्यांना लिहिलं, बाबांनो, हे यंत्र आम्हीच बनवतो, तुमचं उत्तर चुकलंय. त्यांचं उत्तर आलं, "कंटेंट आमच्या टीमकडे नाही. कृपया तिकीट टाका, संबंधित टीम उत्तर देईल."

तिकीट टाकायचं म्हणजे तक्रार नोंदवायची. टाकलं. संबंधित टीम बहुतेक अजून पेरतेय. शेवटी पास व्हायचं म्हणून आम्ही सगळ्यांनी स्वतःच्या हातानं बनवलेल्या यंत्राला 'फवारणी' म्हटलं. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

*

कोर्सच्या कॉम्प्युटरला कॅमेरा होता. समोर माणूस बसलाय का, हे तो बघणार. माणूस दिसला नाही तर व्हिडिओ बंद. आता कॉम्प्युटर ठेवला कुठं, तर वेल्डिंगच्या शेजारी, कारण रिकामं टेबल तेवढंच होतं. आणि तिथं हेल्मेट, गॉगल, मास्क सगळं सक्तीचं.

आमचा दत्ता लातूरकडचा, दारातून वाकून आत येणारा गडी. दुसऱ्या शिफ्टला असेंब्लीवर असतो. तो सगळा साज चढवून बसला. स्क्रीनवर आलं, 'व्यक्ती आढळली नाही'. दत्तानं हात हलवले. 'व्यक्ती आढळली नाही'. उभा राहिला. तेच. वैतागून त्यानं हेल्मेट, मास्क काढला, व्हिडिओ सुरू झाला, आणि मागून सेफ्टीवाल्यानं येऊन त्याच्या हातात मेमो ठेवला.

दत्ता मेमो बघत म्हणाला, "भाऊ, हितं माणूस दिसत नाही हे म्हाईत होतं. पर स्क्रीनवर लिहून पहिल्यांदाच दावलं बघा."

*

व्यवसायाच्या धड्यात गृहपाठ आला, एका शेतकऱ्याशी बोला आणि माहिती भरा. मी रविवारी गाडी काढून राजगुरुनगरला चुलत्यांकडं गेलो. नाना वावरात होते. मी बांधावर बसून मोबाइल उघडला. पहिलाच प्रश्न, 'पीक निवडा'. भात, गहू, मका, ऊस, कापूस, सोयाबीन. वर गेलो, खाली आलो. कांदा नाही.

अहो, चाकणच्या नावावर ज्या कांद्याचा बाजार चालतो, तो कांदा नाही! मी तिथूनच तिकीट टाकलं. या वेळी मात्र लगेच उत्तर आलं, "कृपया 'इतर' निवडा."

नानांनी विचारलं, "काय म्हनत्यात?"

"तुम्ही इतर आहात म्हणतात."

नानांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाले, "आमी इतर व्हय? मंग सायबाला म्हनावं, कांदा न्हाई तर भाजीत इतर घाल."

मी 'इतर' दाबलं. काय करणार?

*

आता सानप साहेब. चाकणच्या नव्या लाइनचे प्रमुख तेच होणार होते. तिकडं कुणाला न्यायचं, यावर शेवटची सहीसुद्धा त्यांचीच. माणूस सरळ, पण नियमाला चिकट. "सर्टिफिकेट नाही तर चाकण नाही. मलासुद्धा नाही," असं सगळ्यांसमोर बोलून बसले.

आणि त्यांचाच कोर्स शेवटच्या व्हिडिओवर अडकला. संपला की पुन्हा सुरू. आम्ही केबिनवरून जाताना आतून तेच वाक्य ऐकू यायचं, "अभिनंदन, आपण आता भविष्याच्या उंबरठ्यावर आहात." साहेब पुढं सरकत नव्हते. त्यांनी तिकिटं टाकली, फोन केले. त्यांनाही तेच ऐकवलं, आमच्या टीमकडे नाही. एकदा मी ड्रॉइंग घेऊन आत गेलो तर म्हणाले, "मी अजून उंबरठ्यावरच आहे. दार लोटून घ्या."

*

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगितलं ते.

कोर्सवाल्यांनी लॉगिन दिलं होतं प्रत्येक खात्याला एक. असेंब्लीला एक. आता आमच्याकडं रीत काय? शिफ्ट बदलली म्हणून मशीन थांबत नाही. पहिल्या शिफ्टनं अर्धं केलेलं काम दुसरी शिफ्ट पुढं नेते. जाताना चार्ज द्यायचा, काय झालं, काय राहिलं ते सांगायचं, आणि बस पकडायची.

सुलभाताई पहिल्या शिफ्टला, दत्ता दुसऱ्या. दोघांनी कोर्सचाही रीतसर चार्ज दिला-घेतला. सुलभाताई घरी निघताना सांगायची, "दत्ता, नांगर झाला, बैल झाला. मोट आत्ताच संपली. तू ट्रॅक्टरपासून घे." दत्तानं ट्रॅक्टरपासून ड्रोनपर्यंत सगळं ओढून नेलं. कोर्स पूर्ण! कुणालाही यात काही चुकलंय असं वाटलं नाही. मलाही नाही. क्वालिटीचा माणूस मी.

मग निरोप आला, सर्टिफिकेटच्या आधी प्रत्येकाची तोंडी परीक्षा होणार, ऑनलाइन, एकेकट्याची. सुलभाताईनं हातातला पाना खाली ठेवला. "अरे, माझा ट्रॅक्टर बघायचाच राहिला," ती म्हणाली. मी म्हटलं, लिहून कळवू, मुदत मागू. तिनं तिकीट टाकलं. उत्तर तुम्हाला पाठ झालं असेल.

परीक्षेला पहिला नंबर तिचाच. ट्रेनिंग रूममध्ये स्क्रीनवर तेच कुर्तेवाले सर. बाजूला सानप साहेब, दाराशी मी. सुलभाताई पदर खोचून बसली होती.

सर म्हणाले, "सांगा, ट्रॅक्टर आल्यानंतर पेरणीच्या व्यवसायात कोणते बदल झाले?"

सुलभाताईनं एकदा साहेबांकडं बघितलं, मग स्क्रीनकडं.

"सर, ते आमच्या शिफ्टकडे नाही."

"म्हणजे?"

"दुसऱ्या शिफ्टकडे आहे. कृपया तिकीट टाका, संबंधित शिफ्ट उत्तर देईल."

सर नुसते बघत राहिले. नेट गेलं असं मला वाटलं, पण त्यांच्या मागचा पंखा फिरत होता. सानप साहेबांनी हळूच हात लांब करून माइक बंद केला. कॅमेऱ्यासमोर खिशातलं पाकीट आडवं ठेवलं. मग पेन काढलं आणि चाकणची यादी पुढं ओढली.

"सुलभाताई, चाकणला पहिली शिफ्ट चालेल का तुम्हाला?"

"पहिलीच द्या, साहेब. दुसरीचं मला काही येत नाही."