अगदीमामांचं बोट

दाढी करणाऱ्याने गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, असं कुठे लिहिलेलं नाही. पण ते कळायला फार अक्कलही लागत नाही. चौकातल्या मामांच्या दुकानात सकाळी औषधवाला दाढीला यायचा आणि सत्तेतल्या लोकांचा उद्धार करायचा. मामा म्हणायचे, "अगदी!" संध्याकाळी गॅरेजवाला यायचा आणि विरोधकांचा उद्धार करायचा. मामा ब्रशाने फेस काढता काढता म्हणायचे, "अगदी!" त्यावरून अख्खा चौक त्यांना अगदीमामा म्हणू लागला. बायकोला मात्र हे नाव पटत नसे. ती म्हणायची, "बाहेरच्यांना अगदी, आणि मी काही म्हटलं की बघू."

निवडणूक आली की मामांची पंचाईत व्हायची. शाळेत मतदान असे, आणि फाटकाबाहेर दोन्ही बाजूंची टेबलं लागत. यादीत नाव शोधून चिठ्ठी तिथे मिळे. एका टेबलावर औषधवाला, दुसऱ्यावर गॅरेजवाला. एकाशी वाकलं की दुसरा बघणार, आणि बघितलं की दाढीला दुसरीकडे जाणार. दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्या माणसाने करावं तेच मामांनी केलं. ते गेलेच नाहीत. यादीत नाव घालण्याच्या भानगडीतही कधी पडले नाहीत.

पण मत न देणं न्हाव्याला लपवता येत नाही. दाढी करताना डाव्या हाताचं पहिलं बोट गालाची कातडी ताणून धरतं, आणि ते थेट गिऱ्हाइकाच्या नाकाखाली असतं. शाई नसलेलं बोट दिसलं की चौकशी आलीच. म्हणून दर मतदानाच्या दिवशी मामा नखाच्या मुळाशी केसांचा कलप लावून बसायचे. तेरड्याचा रंग तीन दिवस, कलप त्याहून बरा टिकतो. औषधवाल्याला वाटायचं मामा आपले, गॅरेजवाल्यालाही तेच वाटायचं, आणि दोघं खूश होते.

वाईट एवढंच की मुलगीही तेच बोट बघत मोठी झाली. आपले बाबा मतदान कधी चुकवत नाहीत, हे ती शाळेत ऐटीत सांगून आली होती. बायकोला खरं ठाऊक होतं, पण बापलेकीच्या मध्ये ती पडली नाही. अठरा पूर्ण होताच मुलीने कॉलेजातच मतदार नोंदणी केली आणि घरी येऊन जाहीर केलं, "यंदा आपण बरोबर जायचं, बाबा. मी आधी, माझ्यामागे तुम्ही."

"अगदी," मामा म्हणाले.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मामा गुपचूप निवडणूक कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी त्यांच्या पिकल्या मिशांकडे बघून विचारलं, "पत्ता बदलायचाय ना?"

"अगदी!"

सवय म्हणजे सवय. बाईंनी पत्ता बदलायचा अर्ज दिला, मामांनी तो भरला. काही दिवसांनी फोन आला, की तुमचं जुनं नाव यादीत कुठेच नाही, मग बदलायचं काय? मामा पुन्हा खिडकीशी गेले आणि मागे कोण उभं आहे ते बघून हळूच म्हणाले, "नाव नव्याने घालायचंय. पहिल्यांदाच."

"मग तसं सांगायचं ना, काका! मुदत संपत आलीय." बाईंनी दुसरा अर्ज सरकवला. फोटो, वयाचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा. इतकंच. खात्री करायला माणूस घरी आला तेव्हा मुलगी कॉलेजात होती. बायकोने त्याला पाणी दिलं आणि मुलीपाशी ब्रसुद्धा काढला नाही. यादीत नाव लागलं तेव्हा मामांना हायसं वाटलं. लबाडी आता आपोआप खरी होणार होती.

मतदानाच्या सकाळी एक जुनं गिऱ्हाईक केस काळे करून घ्यायला आलं. मामांनी हातमोजे घातले, पण डावा कुठेतरी फाटला होता. मुलगी हाक मारत आली तसे ते हात धुऊन तिच्यासोबत निघाले. तिने मतदान केंद्र, खोली, यादीतला क्रमांक सगळं फोनवर काढून ठेवलं होतं. टेबलांकडे न बघता दोघं आत गेली. हे इतकं सोपं आहे हे मामांना इतकी वर्षं माहीतच नव्हतं.

मुलगी मत देऊन दाराशी थांबली. शाईची बाटली घेऊन बसलेल्या अधिकाऱ्याने मामांचं बोट धरलं आणि वर बघितलं. "काका, तुमचं झालंय की!"

नखाच्या मुळाशी काळा डाग होता. मामा घाईने म्हणाले, "कलप आहे, साहेब. सकाळीच लागला."

अधिकाऱ्याने नोंदवही बघितली. मामांच्या नावापुढे सही नव्हती. तो मान्य करणार, एवढ्यात उमेदवारांचे प्रतिनिधी बसतात त्या बाकावरून औषधवाला उठला. यंदा त्याला आत बसवलं होतं, आणि शेजारी गॅरेजवाला.

"थांबा, साहेब. हा डाग मी दर निवडणुकीत बघतो. हाच, इथेच. दर वेळी शाई आणि आजच कलप होय? मामा, दुसरीकडे देऊन आलात की काय?"

"मीही बघितलाय," गॅरेजवाला म्हणाला. दोघांचं कशावर तरी एकमत झालं ते हे पहिल्यांदा.

एक "अगदी" म्हणून घरी निघून जाता आलं असतं. मत गेलं असतं, पण इतक्या वर्षांची लबाडी झाकलेली राहिली असती. मामांनी दाराकडे बघितलं. मुलगी त्यांच्याकडेच बघत होती, आणि बाबांवर खोटा आळ आला म्हणून तिचा चेहरा रागाने लाल झाला होता. तो चेहरा मामांना सोसवला नाही.

"दर वेळी कलपच होता," ते म्हणाले. "मी आजवर मत दिलेलंच नाही. यादीत नावही यंदाच आलंय."

अधिकाऱ्याने यादीच्या शेवटी जोडलेली नवी नावं बघितली, मामांची सही घेतली आणि शेजारच्या बोटाला शाई लावली. यंत्रासमोर मामा बराच वेळ उभे राहिले. कुणाला मत द्यायचं याचा विचार त्यांनी जन्मात केला नव्हता. बाहेरून "काका, झालं का?" अशी हाक आली तेव्हा त्यांनी बटण दाबलं.

मुलगी फाटकाबाहेर बरीच पुढे निघून गेली होती. मामांनी तिला चौकात गाठलं. ती थांबली, पण वळली नाही.

"आज तरी दिलंत?"

मामांनी ताजी शाई लागलेलं बोट पुढे केलं.

"बोट नका दाखवू, बाबा," ती म्हणाली. "तोंडाने सांगा."

"दिलं," मामा म्हणाले.

तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, बोटाकडे नाही. मग म्हणाली, "बरं."