सहा लाखांची ओळ

साहेबांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं.

"अंगठा लावा आजोबा. वाचायचा त्रास कशाला?"

मी तिसरीपर्यंत शिकलोय. सही करतो. वाकडी, पण करतो. टेबलाभोवतीचे सगळे हसले. आणि मी अंगठा शाईत बुडवलासुद्धा. थकलो होतो. कळंबोलीच्या त्या ऑफिसात ही तिसरी खेप. जिना चढून गुडघे धरले होते.

आमच्या अकरा घरांनी ट्रेलरच्या यार्डाला जमीन दिली. बदल्यात यार्ड चालवणाऱ्या धाकट्या कंपनीत पाचवा हिस्सा. बाकी सगळी साहेबांच्या मोठ्या कंपनीची. आता धाकटी मोठीत विलीन करायची म्हणून दोघींचा मिळून नफ्याचा कागद केला होता. अकरा घरांनी मला पुढे केलेलं, म्हणून त्यावर सगळ्यांची कबुली माझ्या हातची हवी होती.

कागदावर लिहिलेलं: मोठीचा नफा शंभर लाख. धाकटीचा तीस. एकूण एकशे तीस, सगळा मोठीच्या मालकांचा.

धाकटीनं त्या तिसातले वीस लाभांश म्हणून वाटले होते. सोळा मोठीला, चार आम्हाला. एवढं मला ठाऊक होतं.

अंगठा कागदावर टेकणार, तेवढ्यात विचारलं, "ते सोला तुमच्या शंभरात धरलेत का?"

"धरलेत."

"आनि तिसात पन हायतच."

"हे कन्सॉलिडेटेड आहे आजोबा, दोन्ही एकत्र. तुम्हाला नाही कळायचं."

मी म्हटलं, "माज्या बापाच्या दोन होड्या होत्या. धाकटीनं तीस पाट्या मासली मारली. त्यातल्या सोला थोरलीत टाकल्या. त्या धरून थोरलीत शंभर. खाडीतून किती निघाली?"

मीच बोललो. "एकशे चौदा. मासली खाडीतून एकदाच निघते. आनि खलाशांचा वाटा बंदरावरच बाजूला पडतो, मालकाच्या घरात जात नाय. तिसातला पाचवा हिस्सा सहा लाख, मिलाले ते चार त्यातलेच. ते आमचं. ती ओल कुठं हाय?"

एक जण म्हणाला, "घ्या! आता होडीवाले बॅलन्सशीट शिकवणार."

पुन्हा हसले. साहेब मात्र हसले नाहीत. ते कागदाकडे बघत होते.

मी अंगठा सदऱ्याला पुसला आणि उठलो. डाग अजून आहे. बायको घासून दमली.

ते परत बोलावतील. जाईन. हेच गुडघे घेऊन जाईन. पण आधी एकशे चौदा लिहायचे. त्याखाली आमची सहा लाखांची ओळ, अकरा घरांच्या नावानं. मग सही. माझ्या पेनानं.

अंगठा नाही.