मास्तरणीचं पथ्य

दाभोळच्या आमच्या घरात शिकलेली मी एकटीच, आणि त्यातही विज्ञानाची शिक्षिका. त्यामुळे घरात माझा शब्द शेवटचा. बाबांनी उभा जन्म मासेमारीच्या होडीवर काढला. मला ते कौतुकानं 'मास्तरीण' म्हणायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

एका वर्षी बाबांचे पाय सुजायला लागले, लघवीला फेस यायला लागला. तपासण्या झाल्या, हाडातला मगज काढून पाहिला आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अमायलॉयडोसिस. मगजातल्या प्लाझ्मा पेशी एरवी रोगांशी लढणारी प्रथिनं बनवतात. बाबांच्या त्यातल्या काही बिघडल्या होत्या. त्या एकच सदोष प्रथिन बनवत सुटल्या होत्या, आणि ते मूत्रपिंडात, हृदयात, जिभेत साचत होतं.

"खाडीत गाळ भरतो, तसाच ना?" बाबांनी विचारलं. त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

मला मात्र 'प्रथिन' एवढा एकच शब्द ऐकू आला. वर्गात दर वर्षी मीच घोकून घेते, प्रथिनं कशातून मिळतात? मासे, अंडी, डाळी. घरी येऊन मी आईला फर्मान सोडलं, मासे बंद, अंडी बंद, डाळ नावापुरती. डॉक्टरांनी फक्त मीठ कमी करायला सांगितलं होतं. बाकीचं शहाणपण माझं.

दीड महिना बाबा अळणी पेज आणि दुधीची भाजी खात राहिले. शेजारी बांगडा तळायला घेतला की आई खिडकी लावून घ्यायची. कुणी वाटीभर कालवण आणलं तर बाबा हात जोडायचे. "मास्तरणीनं म्हावरा बंद केलान," असं सांगायचे, तेही अभिमानानं.

पुढच्या तपासणीला उतरलेलं वजन पाहून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी तोऱ्यात पथ्य सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो बाई, हे प्रथिन ताटातून येत नाही, मगजातून येतं. खाऊ द्या त्यांना."

मला मान वर करवेना. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. बाबाच म्हणाले, "असू दे गो. चल, मुडदुशी घेऊ." मुडदुशी म्हणजे आमच्याकडे आजाऱ्याला द्यायचा मऊ मासा.

पण तोवर त्यांची जीभ इतकी जाड झाली होती की कडेला दातांचे वण उठले होते. आईनं काटे काढून मासा भातात कुस्करला. मी पाणी आणायला आत गेले, परतले तर ताट रिकामं.

"बेस झालाय," बाबा जड जिभेनं म्हणाले. माझ्या जिवात जीव आला.

दुपारी त्यांचा पंचा धुवायला घेतला. त्यात चघळून चघळून न गिळता आलेले घास गुंडाळलेले होते. मोरीतच बसून रडले.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "उद्या काय आणशील गो मास्तरणी?"

"मुडदुशी," मी म्हटलं.

बाबा जाईपर्यंत मी रोज मुडदुशी आणली आणि रोज पंचा धुतला.