बाजूला ठेवलेली सुई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. एवढं लपवण्यासारखं त्यात काय, असंही तुम्हाला वाटेल — एक शेळी, एक सुई आणि एक बाभूळ. पण ऐका तर.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात जनावरांच्या दवाखान्यात मी ड्रेसर होतो — जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, सुया आणि सिरिंजा उकळायच्या. लोक मला डाक्टरच म्हणत आणि मीही कधी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. त्या वर्षी दवाखान्यात सुया वाफेवर निर्जंतुक करायचं विजेवरचं ऑटोक्लेव्ह आलं. उभं पिंप, तळाच्या पाण्यात कॉईल, जड झाकण आणि वर दाब दाखवणारं घड्याळ. मला त्याचं अक्षरशः वेड लागलं. वाफ फुसफुसायला लागली की हातातलं काम टाकून मी तिथं जाऊन उभा राही. एकदा कागदात गुंडाळून अंडं ठेवून बघितलं, एकदा रताळं.

साहेब, म्हणजे आमचे खरे डॉक्टर, रागावले नाहीत. उलट समजावून सांगितलं. धुतलेल्या, लखलखीत सुईवरही न दिसणारे जंतू असतात. नुसत्या उकळीला त्यातले काही चिवट दाद देत नाहीत, दाबाखालच्या वाफेत मात्र मरतात. मी मान हलवली. पण डोक्यात किडा वळवळायला लागला — जे दिसतच नाही, ते होतं की नव्हतं, हे कळणार कसं?

एका बैलाच्या खांद्यावरचं गळू साहेबांनी सुईनं उपसलं. ती सुई मी नळाखाली धुतली, पुसली, उजेडात धरून बघितली. स्वच्छ होती. आणि मग — मग ती यंत्रात टाकली नाही. बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी शांतव्वा आली, शेळीला लस टोचून घ्यायला. अक्कलकोट रोडच्या पलीकडं तिचं एका खोलीचं घर. लेक बाळंत होऊन आलेली, तिला दूध नव्हतं, नातू या शेळीच्या दुधावर वाढत होता. हे सगळं मला माहीत होतं. शेळी विताना अडली होती तेव्हा मीच तिच्या घरी गेलो होतो, दारातल्या बाभळीखाली पोत्यावर बसून चहा प्यालो होतो. तरी माझा हात त्या बाजूला ठेवलेल्या सुईकडंच गेला.

काही होणार नाही याची मला खात्री होती, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. पण खात्री होती, तर ती सुई मी माझ्याच दंडात का नाही टोचली? आणि शेळी शांतव्वाचीच का? सकाळपासून कितीतरी जण येऊन गेले होते. ती भांडणारी नव्हती, म्हणून. काही झालंच तर ती परत माझ्याकडंच येईल आणि मला बघायला मिळेल, म्हणून.

चार-पाच दिवसांनी आली ती. शेळीच्या मानेवर लिंबाएवढी गाठ, हात लावला तर कढत. चारा खाईना, दूध आटलेलं, पोर पेजेच्या पाण्यावर. शांतव्वा रडकुंडीला आली होती. आणि मला काय वाटलं असेल? — आनंद झाला. खोटं कशाला सांगू? साहेब म्हणत होते ते खरं निघालं होतं आणि ते मी पडताळून बघितलं होतं! मी ती गाठ पुन्हा पुन्हा चाचपत होतो. शेळी ओरडत होती, तिकडं माझं लक्षच नव्हतं. सुईपेक्षा तो आनंदच मला जास्त छळतो.

"सुई ऑटोक्लेव्हमधलीच होती ना?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

शांतव्वा एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. "मग कशानं झालं वो डाक्टर हे?"

काही विचार न करता मी बोलून गेलो, "काटा लागला असंल. दारात बाभूळ हाय न्हवं तुमच्या?"

"व्हय की." तिनं शेळीच्या पाठीवरून हात फिरवला. "माझ्याच दारात वैरी उभा हाय म्हणा की."

साहेबांनी गाठ फोडली, पू काढला. हळूहळू शेळी चरायला लागली, दूधही पुन्हा उतरलं. शेवटची पट्टी बदलायला मी सायकलवर तिच्या घरी गेलो, तर दारात बाभूळ नव्हती. बुंधा होता, ताजा, ओलसर. फांद्यांची मोळी भिंतीला टेकवलेली. दुष्काळात सगळ्या वस्तीत तेवढं एकच झाड तगलं होतं, असं तीच मला मागं म्हणाली होती.

"तुमी सांगितलं म्हणून कळलं बगा," ती म्हणाली. "न्हायतर कुणाला ठाव?"

तेव्हा सांगता आलं असतं. साहेब नव्हते, कुणीच नव्हतं.

तिनं सवयीनं पोतं आधीच्याच जागी अंथरलं. तिथं आता ऊन होतं. मी त्या उन्हात बसलो. तिनं त्याच शेळीच्या दुधाचा चहा आणून दिला, पदरानं मला वारा घालत शेजारी बसली. चहा लई चांगला झालाय, म्हणालो मी.